मधुमेह, ऑक्सिडेटिव्ह ताण आणि रक्तदाब : घरी काय मोजावे, काय बदलावे आणि कोणत्या गोळीच्या मागे लागू नये

मधुमेह असलेल्या व्यक्तीला काही वर्षांनी उच्च रक्तदाबही जडतो, ही गोष्ट इतकी नेहमीची झाली आहे की पुष्कळ जण तिला वयाचा भाग समजून सोडून देतात. प्रत्यक्षात या दोन्ही आजारांची मुळे रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात एकमेकांत गुंतलेली असतात, आणि त्या गुंत्यातला एक महत्त्वाचा धागा म्हणजे ऑक्सिडेटिव्ह ताण. हा शब्द आता पूरक गोळ्यांच्या वेष्टनांवरही दिसू लागला आहे. त्यामुळे ताण ऑक्सिडेशनचा असेल तर अँटिऑक्सिडंटची गोळी घ्यावी, असा सरळ हिशेब अनेक जण मांडतात. हा हिशेब का चुकतो आणि त्याऐवजी घरी नेमके काय करावे, ते येथे सांगितले आहे. औषधांचे बदल मात्र प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांशी बोलूनच करावेत.

आधी रक्तवाहिनीत काय बिघडते

पेशी ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करतात, तेव्हा सुपरऑक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांसारखी अतिशय क्रियाशील रसायने थोड्या प्रमाणात तयार होतच असतात. निरोगी शरीरात ग्लुटाथायोन आणि काही विकरे त्यांचा तिथल्या तिथे निकाल लावतात. रसायनांचे उत्पादन वाढले किंवा निकाल लावणारी यंत्रणा दुबळी पडली, की तोल जातो आणि या गेलेल्या तोलालाच ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात. मधुमेहात दोन्ही गोष्टी एकदम घडतात. रक्तातील साखर वाढली की रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील पेशींना तिची आवक रोखता येत नाही, त्यांच्या मायटोकॉन्ड्रियांवर, म्हणजे पेशीतील ऊर्जा तयार करणाऱ्या भागांवर, इंधनाचा भडिमार होतो आणि सुपरऑक्साइड वाढते. मधुमेहाच्या अनेक गुंतागुंतींच्या मुळाशी हीच एक घटना असावी, अशी मांडणी मायकेल ब्राउनली यांनी २००१ साली केली. त्याच वेळी जादा ग्लुकोजचे सॉर्बिटॉल होताना एनएडीपीएच नावाचे द्रव्य खर्ची पडते, आणि वापरले गेलेले ग्लुटाथायोन पुन्हा कामाला लावण्यासाठी नेमके तेच द्रव्य लागते.

याचा रक्तदाबाशी संबंध नायट्रिक ऑक्साइड या वायूमार्फत येतो. हा वायू अस्तरातील पेशी तयार करतात आणि त्यामुळे रक्तवाहिनीची भिंत सैल राहते. या शोधासाठी रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरिड मुराद यांना १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. सुपरऑक्साइड या वायूला गाठून त्याचे पेरॉक्सिनायट्राइट करून टाकते, म्हणजे वाहिनी सैल ठेवणारे द्रव्य तर जातेच, वर एक विध्वंसक द्रव्य तयार होते. पुढे नायट्रिक ऑक्साइड बनवणारे विकरच बिघडते आणि स्वतः सुपरऑक्साइड तयार करू लागते, तेव्हा कुंपणानेच शेत खाल्ल्यासारखी अवस्था होते. यात भर म्हणजे अँजिओटेन्सिन हे संप्रेरक. ते वाहिन्या आवळते, शरीरात मीठ धरून ठेवायला लावते आणि वाहिनीच्या भिंतीतील एनएडीपीएच ऑक्सिडेज या विकराला चेतवून आणखी सुपरऑक्साइड निर्माण करते. वाढलेल्या दाबाने भिंत ताणली गेली की तोच ताण पुन्हा ही रसायने वाढवतो, आणि चक्र फिरत राहते.

एवढे रसायनशास्त्र सांगण्याचे कारण असे की, त्यातूनच उपायांचा क्रम ठरतो. धूर कुठून निघतो ते सापडले असेल तर आधी ती चूल विझवावी, खोलीत पंखा लावून भागत नाही. मधुमेही व्यक्तीच्या शरीरात अशा चुली ठरावीक आहेत : चढउतार करणारी साखर, अनावर अँजिओटेन्सिन, जादा मीठ, तंबाखू, बिघडलेली झोप आणि खुद्द वाढलेला दाब.

रक्तदाब नीट मोजणे

ऑक्सिडेटिव्ह ताणच थेट मोजून घ्यावा, असे कोणाच्याही मनात येईल. संशोधनात त्यासाठी मॅलॉनडायअल्डिहाइड किंवा आयसोप्रोस्टेन यांची पातळी तपासतात. परंतु नेहमीच्या उपचारात या आकड्यांवरून कोणतेही औषध सुरू किंवा बंद केले जात नाही, म्हणून त्या तपासण्यांवर खर्च करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा रक्तदाबमापकावर केलेला खर्च कितीतरी पटींनी कारणी लागतो.

मापक दंडावर पट्टा बांधण्याचे, आपोआप चालणारे आणि अचूकतेसाठी तपासून प्रमाणित केलेले असावे; मनगटावरची यंत्रे हाताच्या स्थितीनुसार चुकतात. पट्ट्याचे माप यंत्राच्या किमतीपेक्षाही महत्त्वाचे आहे. पट्ट्यातील हवेच्या पिशवीची लांबी दंडाच्या घेराच्या सुमारे ८० टक्के असावी लागते. स्थूल व्यक्तीच्या जाड दंडावर लहान पट्टा बांधला की दाब आहे त्याहून जास्त दिसतो, आणि मग नको असलेले औषध वाढवले जाण्याचा संभव असतो. पहिल्या वेळी दोन्ही दंडांवर मोजावे आणि ज्या हाताचा आकडा सातत्याने जास्त येईल, तोच हात पुढे कायम वापरावा.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, धूम्रपान आणि व्यायाम टाळावा व लघवीला जाऊन यावे. त्यानंतर पाठीला आधार देणाऱ्या खुर्चीवर, दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकवून, मांडीवर मांडी न चढवता पाच मिनिटे शांत बसावे. पट्टा उघड्या दंडावर बांधावा आणि हात मेजावर असा ठेवावा की पट्टा हृदयाच्या पातळीत येईल. मोजमाप चालू असताना बोलू नये. साध्या गप्पांनीही आकडा वर जातो. एका मिनिटाच्या अंतराने दोन वेळा मोजून दोन्ही आकडे लिहून ठेवावेत. आवडला तेवढाच आकडा वहीत उतरवण्याचा मोह फार जणांना होतो, आणि अशा वहीवरून डॉक्टरांनी घेतलेला निर्णय साहजिकच चुकतो.

डॉक्टरांच्या भेटीआधी सात दिवस, सकाळी औषध व न्याहारीपूर्वी आणि संध्याकाळी, याप्रमाणे दाब मोजावा; पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढावी. घरच्या मोजमापाची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून अधिक असेल, तर ती उच्च रक्तदाबाची निदर्शक मानली जाते. उपचार चालू असलेल्या बहुतेक मधुमेही व्यक्तींसाठी दाब १३०/८० च्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट सांगितले जाते. अतिवृद्ध, वारंवार पडणाऱ्या किंवा अनेक आजार असलेल्या व्यक्तींसाठी ते सैल करावे लागते.

मधुमेहात आणखी एक मोजमाप आवश्यक असते आणि नेमके तेच बहुतेकांकडून राहून जाते. दीर्घकाळच्या मधुमेहाने रक्तवाहिन्यांचे नियमन करणाऱ्या नसा दुबळ्या होतात, त्यामुळे बसलेले असताना दाब जास्त आणि उभे राहताच एकदम कमी, असा विरोधाभास दिसतो. बसून किंवा आडवे होऊन दाब मोजावा, मग उभे राहून एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजावा. वरचा आकडा २० किंवा खालचा आकडा १० ने उतरला तर डॉक्टरांना अवश्य सांगावे, कारण अशा व्यक्तीचे औषध केवळ बसलेल्या स्थितीतल्या आकड्यावरून वाढवले तर ती चक्कर येऊन पडू शकते. याच नसांच्या बिघाडामुळे रात्री झोपेत दाब जसा उतरायला हवा तसा उतरत नाही. शंका असल्यास २४ तास दाब नोंदवणारे यंत्र लावून ते पाहता येते.

दाब उतरवून खरोखर किती फरक पडतो, याचे उत्तर ब्रिटनमधील यूकेपीडीएस या अभ्यासाने १९९८ साली दिले. टाइप २ मधुमेह आणि उच्च रक्तदाब असलेल्या १,१४८ जणांपैकी एका गटाचा दाब सरासरी १४४/८२ वर आणि दुसऱ्याचा १५४/८७ वर राहिला. एवढ्याशा अंतराने मधुमेहाशी संबंधित मृत्यू ३२ टक्क्यांनी आणि पक्षाघात ४४ टक्क्यांनी कमी झाले. मात्र अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांच्या दाबांतला फरक मिटला आणि त्याबरोबर हा लाभही टिकला नाही, असे २००८ मध्ये दिसून आले. दाब आटोक्यात आला म्हणून औषध सोडणाऱ्यांनी हा दुसरा निष्कर्ष विशेष ध्यानात ठेवावा.

साखरेची उंची आणि साखरेचे झोके

एचबीए१सी, म्हणजे मागच्या सुमारे तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी, ७ टक्के असणे म्हणजे साखर सरासरी १५४ मिलिग्रॅमच्या आसपास असणे. परंतु ही सरासरी १३० ते १८० यांच्यामध्ये राहूनही येते आणि ७० ते ३०० असे झोके घेऊनही येते. फ्रान्समध्ये टाइप २ मधुमेहाच्या २१ रुग्णांवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात, ऑक्सिडेटिव्ह ताणाच्या खुणा सरासरी साखरेपेक्षा साखरेच्या चढउतारांशी अधिक निगडित आढळल्या. अभ्यास लहान असल्याने त्यावर सगळा भार टाकू नये, तरीही जेवणानंतरचे उंच शिखर बुटके करणे हा बिनधोक आणि उपयुक्त मार्ग आहे. त्यासाठी जेवणात आधी भाज्या व प्रथिने आणि शेवटी पिष्टमय पदार्थ घ्यावेत, गोड पेये पूर्ण सोडावीत आणि जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालावे. साखर खाली आणण्याच्या भरात ती ७० च्या खाली जाऊ देणे हेही तितकेच अपायकारक आहे, कारण त्या वेळी ॲड्रेनालिन उसळून रक्तदाब आणि हृदयाचे ठोके दोन्ही वाढतात.

मीठ, भाज्या आणि एक अनपेक्षित बाटली

प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ घ्यावे, म्हणजे सोडियम २ ग्रॅमपेक्षा कमी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मधुमेहात मूत्रपिंडे साखरेबरोबर सोडियमही परत शोषून घेतात, म्हणून या रुग्णांच्या दाबावर मिठाचा परिणाम अधिक दिसतो. वरून घेतलेले मीठ थांबवणे सोपे असते. खरे मीठ पाकीटबंद पदार्थांत दडलेले असते. वेष्टनावरील सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणले की मिठाचे प्रमाण मिळते : १०० ग्रॅम पदार्थात ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल, तर त्यात २ ग्रॅम मीठ आहे. पाण्यात फसफसून विरघळणाऱ्या वेदनाशामक आणि आम्लपित्ताच्या गोळ्यांतही पुष्कळ सोडियम असते, हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. कमी सोडियमच्या मिठात बहुधा पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. मूत्रपिंडे दुबळी असलेल्यांनी किंवा पुढे सांगितलेली एसीई वा एआरबी गटातील औषधे घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये, कारण रक्तातील पोटॅशियम धोकादायक पातळीवर जाऊ शकते.

भाज्या, फळे, कडधान्ये, सुकामेवा आणि कमी स्निग्धांशाचे दुग्धपदार्थ यांवर भर देणाऱ्या आहाराने दाब उतरतो, हे १९९७ मधील डॅश चाचणीत सिद्ध झाले आणि २००१ मध्ये त्याला मीठ कमी करण्याची जोड दिल्यावर परिणाम आणखी वाढला. हिरव्या पालेभाज्यांतील नायट्रेटचे तोंडातील जिवाणू नायट्राइट करतात आणि त्यापासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड बनते, म्हणजे बिघडलेल्या विकराला वळसा घालून तोच वायू मिळतो. जंतुनाशक माउथवॉशने हे जिवाणू मारले की निरोगी माणसांचाही दाब किंचित वाढतो, असे प्रयोगांत दिसले आहे. दंतवैद्याने सांगितले नसेल तर ती बाटली रोज वापरण्याची गरज नाही.

चालणे, झोप आणि तंबाखू

आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालणे किंवा तत्सम व्यायाम करावा आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम करावेत. सलग दोन दिवस खाडा पडू देऊ नये. व्यायाम करताना क्षणभर मुक्त कण, म्हणजे सुपरऑक्साइडसारखी क्रियाशील रसायने, वाढतात, आणि त्या सौम्य धक्क्याला उत्तर म्हणून शरीर स्वतःची अँटिऑक्सिडंट यंत्रणा बळकट करते. डोळ्यांच्या पडद्यावर नव्या, नाजूक रक्तवाहिन्या वाढल्या असतील तर श्वास रोखून वजन उचलू नये, आणि पायांची संवेदना कमी झाली असेल तर रोज पाय तपासावेत.

घोरणे, झोपेत श्वास अडकणे आणि दिवसा पेंगणे ही लक्षणे असतील तर झोपेची तपासणी करून घ्यावी. रात्रभर ऑक्सिजन खाली-वर होत राहिल्याने मुक्त कणही वाढतात आणि दाबही, आणि तीन-तीन गोळ्यांना दाद न देणाऱ्या रक्तदाबाचे कारण कित्येकदा हेच निघते. तंबाखूबद्दल वेगळे काय लिहावे? धुरातून मुक्त कण थेट शरीरात जातात; तंबाखू पूर्ण सोडण्याला पर्याय नाही.

औषधांविषयी डॉक्टरांना काय विचारावे

लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जात असेल तर सहसा एसीई इनहिबिटर किंवा एआरबी यांपैकी एका गटातले औषध आधी निवडले जाते. ही औषधे अँजिओटेन्सिनलाच आवर घालतात, म्हणजे वर सांगितलेली एक चूल थेट विझवतात. दोन्ही गट एकत्र घेऊ नयेत. २००८ आणि २०१३ मधील मोठ्या चाचण्यांत त्यातून लाभ न होता मूत्रपिंडाला इजा आणि पोटॅशियमवाढ झाली. औषध सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कळण्यासाठी रक्तात मोजतात ते द्रव्य) आणि पोटॅशियम तपासून घ्यावे. क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढले तरी घाबरून औषध स्वतः बंद करू नये. एसीई गटाने कोरडा खोकला आला तर एआरबी घेता येते. गर्भवती असलेल्या किंवा गर्भधारणेचा विचार करणाऱ्या स्त्रियांना ही औषधे चालत नाहीत, हे आधीच सांगावे.

एसजीएलटी२ गटातील मधुमेहाच्या गोळ्या साखरेबरोबर दाबही थोडा उतरवतात आणि मूत्रपिंडाचे रक्षण करतात, म्हणून आपल्याला त्या योग्य आहेत का, हे विचारावे. बीटा ब्लॉकर ही दाब आणि हृदयाचे ठोके कमी करणारी औषधे घेणाऱ्यांना साखर उतरल्याची धडधड आणि थरथर जाणवत नाही, घाम मात्र येतो. त्या एका खुणेकडे लक्ष ठेवावे. सांधेदुखीसाठी स्वतःहून घेतलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या, नाक मोकळे करणारी औषधे, स्टेरॉइड आणि ज्येष्ठमध यांनी दाब वाढतो. उलट्या, जुलाब किंवा तापात अन्नपाणी टिकत नसेल तर मेटफॉर्मिन, एसजीएलटी२, एसीई किंवा एआरबी आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या काही दिवस थांबवाव्या लागू शकतात. कोणत्या आणि किती दिवस, हे आजारी पडण्यापूर्वीच लिहून घ्यावे. इन्सुलिन मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये.

अँटिऑक्सिडंट गोळ्यांचे काय

तर्क पटण्याजोगा होता, म्हणूनच तो मोठ्या चाचण्यांत तपासला गेला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या होप चाचणीत हृदयविकाराचा धोका असलेल्यांना, ज्यांत मधुमेही पुष्कळ होते, ई जीवनसत्त्व रोज ४०० युनिट देऊन हृदयविकार किंवा पक्षाघात टळला नाही. त्याच चाचणीत रॅमिप्रिल या एसीई गटातल्या औषधाने मात्र तो टळला. २००२ मध्ये २०,५३६ जणांच्या चाचणीत ई, सी आणि बीटा कॅरोटीन एकत्र देऊनही काही साधले नाही. धूम्रपान करणाऱ्यांत तर बीटा कॅरोटीनने फुप्फुसाचा कर्करोग वाढला. २००९ मधील एका प्रयोगात सी आणि ई जीवनसत्त्वे घेणाऱ्यांना व्यायामाने इन्सुलिनच्या परिणामात होणारी सुधारणा मिळालीच नाही. गोळीने तो सौम्य धक्का पुसून टाकला आणि शरीराला बळकट होण्याचे कारण उरले नाही.

हे असे का होते, याचा अंदाज करता येतो. सुपरऑक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड यांची गाठ इतक्या वेगाने पडते की गिळलेले जीवनसत्त्व मध्ये पोहोचणे अवघड असते. शिवाय ही क्रियाशील रसायने पेशींमधले निरोपही पोहोचवतात, त्यामुळे ती सरसकट पुसणे हितकारक नसते. मोठ्या मात्रेतील सी जीवनसत्त्वाने मूत्रखडे होऊ शकतात आणि काही ग्लुकोमीटर व सेन्सर चुकीची साखर दाखवतात. चुकीच्या आकड्यावर इन्सुलिन घेतले तर जिवावर बेतते. ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने रक्त पातळ करणाऱ्या औषधांसोबत रक्तस्रावाचा धोका वाढतो. तपासणीत एखाद्या जीवनसत्त्वाची कमतरता आढळली तर ती भरून काढणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि ते जरूर करावे. यात मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांनी बी१२ तपासून घेणे विशेष गरजेचे आहे.

वर्षातून एकदा आणि ताबडतोब

लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, रक्तातील क्रिएटिनिनवरून काढलेला ईजीएफआर (मूत्रपिंडांच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज), कोलेस्टेरॉल, डोळ्यांचा पडदा आणि पाय यांची तपासणी वर्षातून किमान एकदा करावी. अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर ३० (मिलिग्रॅम प्रति ग्रॅम) च्या वर आले तर लगेच निष्कर्ष काढू नये. ताप, लघवीतला जंतुसंसर्ग किंवा आदल्या दिवशीचा जोरदार व्यायाम यांनीही ते वाढते, म्हणून तीन ते सहा महिन्यांत तपासणी पुन्हा करून खात्री करावी.

घरी १८०/१२० किंवा त्याहून जास्त दाब आढळला तर पाच मिनिटे शांत बसून पुन्हा मोजावा. तेवढाच राहिला पण त्रास काही नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी संपर्क साधावा आणि स्वतःहून जादा गोळी घेऊ नये. सोबत छातीत दुखणे, धाप, एका बाजूची कमजोरी, बोलणे अडखळणे, अचानक अंधुक दिसणे किंवा तीव्र डोकेदुखी असेल, तर दुसऱ्या मोजमापासाठीही न थांबता तत्काळ रुग्णालय गाठावे. मधुमेहात हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो, म्हणून अचानक आलेला दम, घाम आणि मळमळ यांनाही तेवढेच गंभीर मानावे. साखर लगेच तपासून पाहावी, पण त्यासाठी निघण्यात उशीर करू नये. औषधांची यादी आणि रक्तदाबाची वही सोबत न्यावी.